उमेदवाराची जाहिरात: मंजुरी, मुद्रकाची ओळ आणि खर्चाचा हिशेब

प्रचाराचं साहित्य उत्तम असूनही उमेदवाराला नोटीस येते, तेव्हा कारण बहुधा कागदात सापडतं. केबलवर चाललेल्या जाहिरातीची लांबी मंजूर लांबीशी जुळत नाही, पत्रकावर प्रेसचं नाव नसतं, किंवा फेसबुकवरच्या जाहिरातीचे पैसे कुणा कार्यकर्त्याच्या कार्डावरून गेलेले असतात. निवडणूक यंत्रणा एकच जाहिरात तीन ठिकाणी पाहते: जाहिरातींना मंजुरी देणाऱ्या प्रमाणन समितीच्या फाइलीत, प्रत्यक्ष माध्यमात आणि खर्चाच्या नोंदवहीत. तिन्हीकडे तीच लांबी, तीच संख्या, तीच रक्कम दिसली पाहिजे. पुढची सगळी खटपट या जुळणीसाठी आहे.

इथली माहिती महाराष्ट्रातल्या विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीच्या प्रचार कचेरीसाठी आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याचे आदेश, खर्चमर्यादा आणि अर्जाचे नमुने वेगळे असतात. पुढे नुसतं ‘आयोग’ म्हटलं आहे तो भारत निवडणूक आयोग. हाती आलेला नमुना कोणत्या आयोगाचा आहे, हे भरायला घेण्याआधी पाहा.

उमेदवारी अर्जाच्या आधी

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे खर्च मोजला जातो तो उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. अर्जाच्या आधी छापून गोदामात ठेवलेले फ्लेक्स या मोजणीतून सुटतात, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. साहित्य आधी घेतलं आणि वापरलं अर्जानंतर, तर त्याची किंमत खर्चात धरली जाते. म्हणून जुन्या साठ्याचीही बिलं जपून ठेवा.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं. ते उमेदवाराच्या नावावर किंवा उमेदवार आणि निवडणूक प्रतिनिधी यांच्या संयुक्त नावावर चालतं. पत्नी, भाऊ, मुलगा यांच्याबरोबर नाही, ते स्वतः निवडणूक प्रतिनिधी असल्याशिवाय. उमेदवाराने स्वतःचे पैसे वापरले तरी ते आधी या खात्यात आले पाहिजेत. एका व्यक्तीला किंवा संस्थेला एका बाबीसाठी संपूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते. ही मर्यादा रोजची नाही. फ्लेक्सवाल्याला सोमवारी नऊ हजार आणि गुरुवारी नऊ हजार रोख दिले, की नियम मोडला.

कचेरीत एकाच माणसाकडे जाहिरातींची वही द्या आणि प्रत्येक जाहिरातीला पहिल्या दिवशीच क्रमांक द्या: टीव्ही-१, टीव्ही-२, पेपर-१, फेसबुक-४. तोच क्रमांक समितीच्या अर्जावर, रिलीज ऑर्डरवर (माध्यमाला दिलेल्या जाहिरात चालवण्याच्या लेखी ऑर्डरवर), बिलावर आणि व्हाउचरवर पेनाने लिहा. कायदा हे मागत नाही. पण शंभरेक कागद झाले, की कोणतं बिल कोणत्या जाहिरातीचं हे या क्रमांकाशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

पत्रकं, पोस्टर, फ्लेक्स

छापील साहित्याला पूर्वमंजुरी लागत नाही. लागते ती कलम १२७क ची पूर्तता. पत्रकावर किंवा पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव व पत्ता छापलेला हवा. प्रकाशक म्हणजे छापून घेणारा. त्याने ओळखीची घोषणा सही करून, आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी ती साक्षांकित करून, दोन प्रतींत प्रेसला द्यायची. छपाई झाल्यावर प्रेस त्या घोषणेची प्रत आणि छापील साहित्याच्या प्रती जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवते. राज्याच्या राजधानीत छपाई झाली असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आयोगाच्या सूचनांनुसार हे तीन दिवसांत व्हावं लागतं आणि सोबत छापलेल्या प्रतींची संख्या व छपाईचा आकार द्यावा लागतो. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हाताने नक्कल करणं सोडून प्रती काढण्याची कोणतीही रीत या कलमात छपाईच मानली जाते. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात काढलेल्या पाचशे प्रतींनाही नाव-पत्ता हवा. सुटका आहे ती फक्त सभेची तारीख, वेळ, जागा सांगणाऱ्या किंवा कार्यकर्त्यांना नेहमीच्या सूचना देणाऱ्या कागदाला. त्याच हँडबिलावर खाली ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ आलं, की सूट गेली. विरोधकाविरुद्ध रात्रीतून वाटली जाणारी निनावी पत्रकंही याच कलमात येतात. तक्रार करायची तर पत्रकाची मूळ प्रत आणि ते मिळाल्याची जागा व वेळ द्या, नुसता मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.

होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाची ओळख स्पष्ट हवी, हे आयोगाने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं. चाळीस फुटी होर्डिंगवर ही ओळ इतकी बारीक छापतात की ती फक्त डिझायनरलाच दिसते. जमिनीवर उभं राहून वाचता येईल इतकी मोठी ठेवा.

जागेची परवानगी हा निराळा विषय आहे. खासगी भिंत किंवा गच्ची असेल तर मालकाची लेखी संमती आणि स्थानिक संस्थेचा परवाना, दोन्ही लागतात. सार्वजनिक मालमत्तेवर विनापरवाना काही लावलं, तर महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ लागू होतो. होर्डिंगच्या सांगाड्याचा परवानाही स्वतः पाहून घ्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते मंजूर मापाच्या कितीतरी पट मोठं होतं.

खर्चात फ्लेक्स चौरस फुटांनी मोजतात. १० बाय ८ चा एक फ्लेक्स म्हणजे ८० चौरस फूट, असे दीडशे म्हणजे १२,००० चौरस फूट. छपाईचं बिल सगळे लावतात. राहून जातं ते फ्रेमचं लाकूड, टेम्पो, लावणाऱ्यांची मजुरी, जागेचं भाडं आणि परवाना शुल्क. खर्च पथकाचा माणूस फ्लेक्स उभा पाहतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात ही सगळी अंगं असतात. जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी चर्चा करून दरसूची जाहीर करतात. ती पहिल्याच आठवड्यात मिळवा. तुमच्या बिलातला दर सूचीपेक्षा बराच कमी असेल, तर कोटेशन आणि बँकेतून दिलेल्या रकमेचा पुरावा जोडा. तो नसेल तर सूचीचा दर लावला जाणार हे गृहीत धरा.

टीव्ही, केबल, रेडिओ, सिनेमागृह, एसएमएस

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ राजकीय उद्देशाच्या जाहिरातींना मनाई करतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने मार्ग निघाला: आधी प्रमाणपत्र, मग प्रसारण. आज हीच अट खासगी एफएम, सिनेमागृह, सार्वजनिक ठिकाणचे पडदे, एकगठ्ठा एसएमएस व ध्वनिसंदेश, ई-पेपर आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींनाही आहे. एलईडी व्हॅनवरची चित्रफीत आणि रिक्षावर वाजणारी जिंगलही समितीपुढे न्या. वाहनाचा आणि भोंग्याचा परवाना त्याहून वेगळा.

उमेदवाराने अर्ज करायचा तो जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे एमसीएमसीकडे. तिचं कामकाज बहुधा जिल्हा माहिती अधिकाऱ्यांकडे असतं. पक्षाच्या नावाने राज्यभर चालणाऱ्या जाहिराती मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या राज्यस्तरीय समितीकडे जातात. पक्षाने मंजूर करून आणलेल्या फितीत शेवटी आपल्या उमेदवाराचा फोटो जोडून ती स्थानिक केबलवर सोडण्याची सवय सर्रास आहे. फोटो जोडला की ती नवी जाहिरात होते. तिला नवं प्रमाणपत्र लागतं.

नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्यायचा. बाकी कुणीही, सात दिवस आधी. आमचा सल्ला आठवडाभर आधीचा, कारण दुरुस्ती निघाली की दोन-तीन दिवस सहज जातात. सोबत काय काय लागतं:

जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती. पेनड्राइव्हवर अंतिम फीतच द्या. ‘संगीत नंतर टाकणार’ अशी कच्ची प्रत दिली, तर प्रमाणपत्रही त्या कच्च्या प्रतीचंच मिळतं.

साक्षांकित संहिता. इथे सगळ्यात जास्त अर्ज परत येतात. संहितेत फक्त निवेदन लिहितात आणि पडद्यावरची अक्षरं, घोषणा, पार्श्वभूमीच्या गाण्याचे शब्द वगळतात. जे ऐकू येतं आणि जे वाचता येतं ते सगळं, सेकंदांसह लिहा. अहिराणी, मालवणी किंवा उर्दू बोल असतील तर बाजूला मराठी अर्थ द्या. गाण्याची चाल जुन्या चित्रपटगीताची उचललेली असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्या. समितीने हरकत घेतली नाही, तरी यूट्यूब तीच फीत स्वतःहून उतरवू शकतं.

निर्मितीचा खर्च आणि प्रसारणाचा प्रस्तावित खर्च. दुसऱ्यात कितीदा दाखवणार आणि प्रत्येक वेळेचा दर किती, हे मांडायचं. समजा २० सेकंदांची फीत बनवायला ४०,००० रुपये लागले आणि ती स्थानिक केबलवर दिवसाला १० वेळा, ७ दिवस, ३०० रुपये दराने चालणार आहे. प्रसारणाचे २१,००० झाले, मिळून ६१,०००. वर १८ टक्के वस्तू व सेवा कर १०,९८०. नोंद होईल ७१,९८० रुपयांची. कर विसरणं ही नेहमीची चूक आहे.

जाहिरात कुणाच्या फायद्यासाठी आहे हे सांगणारं निवेदन, आणि पैसे धनादेशाने किंवा धनाकर्षानेच (डिमांड ड्राफ्टनेच) दिले जातील अशी हमी. अर्जदार पक्ष किंवा उमेदवार नसेल, तर ही जाहिरात कुठल्या पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी तिचे पैसे दिलेले नाहीत, असं शपथेवर सांगावं लागतं.

समितीने भाग वगळायला सांगितला, तर २४ तासांत तो वगळून सुधारित फीत परत द्यायची. कात्री कुठे लागते, ते ठरलेलं आहे: धर्म किंवा जातीच्या नावाने आवाहन, देवळा-मशिदीचं दृश्य प्रचारासाठी वापरणं, न्यायालयांवर किंवा राष्ट्रपतींवर शेरा, हिंसेला चिथावणी, अश्लील वा बदनामीचा मजकूर, पडताळणी न झालेले आरोप, खासगी आयुष्यावर हल्ला. सैनिकांचे किंवा सैन्याच्या कार्यक्रमांचे फोटो वापरायला आयोगाची २०१३ पासून मनाई आहे आणि मार्च २०१९ मध्ये ती पुन्हा सांगितली गेली. तरी देशभक्तीच्या गाण्यामागे फौजी दिसतातच, आणि फीत परत येते. विरोधकाच्या धोरणावर, कामगिरीवर टीका चालते. आकडे दिले तर त्यांचा आधार अर्जासोबत जोडा. शंका निघाली की तो कागद लगेच उपयोगी पडतो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर वाहिनीला त्याची प्रत आणि रिलीज ऑर्डर एकत्र द्या. प्रमाणपत्र ३० सेकंदांचं आणि चालवली १५ सेकंदांची कापलेली आवृत्ती, असं नको. दोन्ही लांबीच्या आवृत्त्या लागणार असतील, तर पहिल्याच अर्जात दोन्ही द्या.

एकगठ्ठा एसएमएसला आणखी एक कुंपण आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची, त्याच्या शीर्षनामाची (संदेशावर दिसणाऱ्या नावाची) आणि संदेशाच्या साच्याची डीएलटी या एसएमएस नोंदणीच्या व्यवस्थेत नोंदणी लागते. त्यात काही दिवस जातात. शिवाय समितीने मंजूर केलेला मजकूर आणि डीएलटीतला साचा शब्दशः एकच हवा. म्हणून क्रम असा ठेवा: मजकूर पक्का करा, समितीची मंजुरी घ्या, मग साचा नोंदवा.

वर्तमानपत्र

छापील जाहिरातीला एरवी पूर्वप्रमाणन लागत नाही. मतदानाचा दिवस आणि आदला दिवस यांना मात्र लागतं, आणि त्यासाठी प्रकाशनाच्या दोन दिवस आधी अर्ज करावा लागतो. रविवारी सुट्टी म्हणून कुणी थांबू नये. समितीचं कार्यालय त्या काळात चालू असतं.

दर विचारताना कॉलम सेंटिमीटरचा की चौरस सेंटिमीटरचा, हे लिहून घ्या. आठ कॉलमांच्या मोठ्या पानात एक कॉलम साधारण चार सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे चार कॉलम बाय २० सेंटिमीटर म्हणजे ८० कॉलम सेंटिमीटर, पण चौरस सेंटिमीटर तीनशेच्या वर. २०० रुपये कॉलम सेंटिमीटर दराने १६,००० रुपये, वर ५ टक्के कर धरून १६,८००. पहिलं पान, रंगीत छपाई, ठरावीक जागा यांचा जादा आकार बिलात वेगळा दाखवून घ्या. छापून आल्यावर त्या दिवसाच्या अंकाचं पूर्ण पान, तारीख दिसेल असं, बिलाला जोडा. नुसतं कात्रण पुरत नाही, कारण त्यावरून पान आणि आवृत्ती कळत नाही.

उमेदवार किंवा त्याचा पक्ष स्वतःच वृत्तपत्राचा किंवा वाहिनीचा मालक असेल, तर जागा फुकट धरली जात नाही. त्या माध्यमाच्या नेहमीच्या दरपत्रकाने खर्च लावला जातो.

फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअॅप

आयोगाच्या २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचना अजूनही पाया आहेत. उमेदवाराला आपल्या समाजमाध्यम खात्यांची माहिती शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, द्यावी लागते. आपल्या खात्यावर टाकलेली पोस्ट, फोटो, व्हिडिओ ही जाहिरात मानली जात नाही. तिला प्रमाणपत्र नको. त्याच पोस्टचं ‘बूस्ट’ बटण दाबलं, की ती जाहिरात झाली. ते बटण पेज चालवणाऱ्या कुठल्याही मुलाला दाबता येतं, म्हणून पेजवर पैसे खर्च करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि बाकीच्यांना फक्त पोस्ट लिहिण्याचा द्या.

राजकीय जाहिरात देणाऱ्याची ओळख आणि पत्ता मेटा आणि गूगल आधी तपासतात. गूगल भारतातल्या निवडणूक जाहिरातींसाठी आयोगाच्या यंत्रणेचं प्रमाणपत्रही मागतं. ही तपासणी आचारसंहिता लागण्याच्या आधीच उरकून घ्या. मेटाच्या जाहिरातीवर ‘कुणी पैसे दिले’ ही ओळ दिसते, आणि ती जाहिरात, खर्चाच्या अंदाजासह, त्यांच्या जाहीर संग्रहात सात वर्षं राहते. विरोधकांचे लोक हा संग्रह रोज पाहतात. खर्च निरीक्षकही पाहू शकतात. त्यामुळे तिथे दिसणारा आकडा आणि तुमच्या नोंदवहीतला आकडा यांत फरक असेल, तर तो तुमच्याआधी दुसऱ्याला दिसेल.

डिजिटल खर्चात कंपनीला दिलेले पैसे तर येतातच. मजकूर, रील, ग्राफिक बनवण्याचा खर्च आणि खाती सांभाळणाऱ्या टीमचे पगारही येतात. पैसे निवडणुकीच्याच बँक खात्यातून गेले पाहिजेत. एजन्सीच्या कार्डाने भरणा होणार असेल, तर मूळ कंपनीचं बिल आणि एजन्सीचं बिल, दोन्ही ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आवाजा-चित्रांबाबत आयोगाने २४ ऑक्टोबर २०२५ रोजी नेमकी मापं दिली. चित्रावर आणि व्हिडिओवर दिसणाऱ्या जागेच्या किमान १० टक्के भाग व्यापणारी स्पष्ट खूण हवी, व्हिडिओत ती वरच्या भागात. आवाजाच्या फितीत सुरुवातीचा १० टक्के वेळ. ३० सेकंदांच्या ध्वनिफितीत पहिले तीन सेकंद ही सूचना जाईल, हे धरूनच संहिता लिहा. दिशाभूल करणारा असा मजकूर पक्षाच्या खात्यावर आढळला, तर निदर्शनाला आल्यापासून तीन तासांत काढायचा. दिवंगत नेत्याला आपल्या उमेदवारासाठी मत मागायला लावणाऱ्या फिती खूप शेअर होतात. आमच्या मते खुणेसहही त्या करू नयेत.

शुभेच्छुकांचं काय करायचं

महाराष्ट्रातला हा खास प्रश्न. चौकाचौकात ‘शुभेच्छुक’ म्हणून पंधरा-वीस चेहऱ्यांचे फ्लेक्स लागतात, स्थानिक साप्ताहिकात पानभर अभिनंदन येतं, आणि उमेदवाराला म्हणे काही माहीत नसतं. कायद्यात दोनच रस्ते आहेत. उमेदवाराने लेखी संमती दिली असेल, तर तो खर्च उमेदवाराचा. दिली नसेल, तर खर्च करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा होतो. दंड १०,००० रुपयांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम १७१ एच होतं आणि दंड अवघा ५०० रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नसे.

कार्यकर्त्यांच्या पहिल्याच बैठकीत हे सांगा आणि इतिवृत्तात लिहा. तरीही फ्लेक्स लागला, तर दोनपैकी एक त्याच दिवशी करा: निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवा की आपली संमती नाही, किंवा संमती देऊन खर्च आपल्या नावावर घ्या. गप्प बसलात तर खर्च पथक तो तुमच्याच नावावर लावेल आणि तीन आठवड्यांनी तुम्ही नाकारलात, तरी फार उपयोग होणार नाही.

पक्षाच्या जाहिरातीचा न्याय वेगळा. नुसता पक्ष, चिन्ह आणि पक्षाचा कार्यक्रम असेल, तर खर्च पक्षाचा. उमेदवाराचं नाव किंवा फोटो आला, की तो वाटा उमेदवाराकडे येतो. एका पानावर पाच उमेदवार असतील, तर खर्चही विभागला जातो. स्टार प्रचारकाच्या फक्त प्रवासाला सूट आहे. त्याच्या सभेच्या जाहिरातीत उमेदवाराचा फोटो असेल किंवा उमेदवार मंचावर असेल, तर सभेचा खर्च अंगावर येतो.

पैसे देऊन छापलेली बातमी

समिती रोजचे पेपर आणि वाहिन्या पाहते. संशय येतो तो अशा गोष्टींवरून: प्रतिस्पर्धी दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने शब्दशः तोच मजकूर, एकाच पानावर दोन विरोधी उमेदवार ‘निश्चित विजयी’, सगळ्या समाजघटकांचा एकमुखी पाठिंबा, पण एकाही माणसाचं म्हणणं नाही, एकाच उमेदवाराचे रोज मोठे फोटो. पैसे दिल्याची पावती समितीला शोधावी लागत नाही. परिस्थितीवरूनही ती ठरवू शकते आणि जाहिरातीच्या दराने मानीव खर्च, म्हणजे झालाच असं धरलेला खर्च, लावते.

नोटीस आली, की उत्तराला ४८ तास असतात. उत्तर दिलं नाही, तर समितीचा निर्णय अंतिम. जिल्हा समितीच्या निर्णयावर ४८ तासांत राज्य समितीकडे, तिथून पुढच्या ४८ तासांत आयोगाकडे अपील करता येतं. नोटीस रात्री आठला कचेरीत चिकटवली तरी घड्याळ सुरू होतं, म्हणून ती घेणाऱ्याने वेळ लिहून ठेवावी. बचावासाठी एकच वस्तू खरी कामाला येते: प्रसिद्धिपत्रक एकाच वेळी सगळ्या माध्यमांना मोफत पाठवल्याचा ईमेल. त्यामुळे पत्रकं व्हॉट्सअॅपवर न पाठवता ईमेलने पाठवत जा.

उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २००७ च्या निवडणुकीतल्या अशा ‘बातम्यांचा’ खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. रक्कम लाखाच्या आसपासही नव्हती.

गुन्ह्यांची सक्तीची जाहिरात

उमेदवारावर फौजदारी खटले प्रलंबित असतील किंवा शिक्षा झालेली असेल, तर नमुना सी-१ मध्ये वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावं लागतं: माघारीच्या अंतिम तारखेनंतर पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात एकदा, नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत एकदा. अक्षर किमान १२ पॉइंटचं. टीव्हीवर सकाळी ८ ते रात्री १० या वेळात, किमान सात सेकंद. तीनही एकाच आठवड्यात उरकल्या तर अट पुरी होत नाही. हा खर्चही उमेदवाराचा, आणि निवडणूक खर्चातलाच.

शेवटचे ४८ तास

कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास टीव्ही, सिनेमा आणि तत्सम माध्यमांवर निवडणुकीचा मजकूर दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हे तास मतदान संपण्याच्या वेळेवरून उलटे मोजायचे. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात बहुतेक ठिकाणी वेळ संध्याकाळी ६ पर्यंत होती, म्हणून प्रचार १८ ला संध्याकाळी ६ ला थांबला. गडचिरोली जिल्ह्यात मतदान दुपारी ३ ला संपत होतं. तिथे तो १८ ला दुपारी ३ लाच थांबला. मुंबईतल्या एजन्सीला हा फरक ठाऊक नसतो.

डिजिटल जाहिराती ‘आठवणीने बंद करू’ म्हणून सोडू नका. तयार करतानाच संपण्याची वेळ टाका, ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीची. केबलवाल्याला थांबवण्याची वेळ रिलीज ऑर्डरमध्येच लिहून द्या. एकगठ्ठा एसएमएसचा उरलेला साठा त्या रात्री संपवायचा मोह होतो, पण तोही याच बंदीत येतो.

नोंदवही आणि तपासणी

नोंदवहीचे तीन भाग असतात: दैनंदिन लेखा पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी, बँक पिवळ्या. प्रचाराच्या काळात ती किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. प्रशासन आपली छाया निरीक्षण नोंदवही समांतर ठेवतं. तपासणीच्या दिवशी ती पाहायला मागा आणि ज्या नोंदी पटत नाहीत त्यांवर तिथेच लेखी हरकत द्या. बिल आलेलं नसलं तरी जाहिरात ज्या दिवशी चालली त्याच दिवशी खर्च लिहा, ‘देय’ म्हणून. बिल येण्याची वाट पाहिली, की छाया नोंदवहीत तो खर्च आधी येतो आणि तुमचा लपवलेला दिसतो.

संपूर्ण हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, कलम ७८ खाली. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालांसाठी हा दिवस २३ डिसेंबर होता. हरलेल्या उमेदवारालाही हे बंधन आहे आणि चुकतात बहुधा तेच. कलम १०क प्रमाणे तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. हिशेब दिल्याची पोच घ्या. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत दाखल करता येते आणि पुढे काही वर्षं चालू शकते. तोपर्यंत प्रमाणपत्रं, मंजूर फितींचे पेनड्राइव्ह, अंकांची पूर्ण पानं आणि ईमेल एका खोक्यात, जाहिरात क्रमांकानुसार लावून ठेवा.